घरापुरतं मशीन

शिवणक्लासचं प्रमाणपत्र माझ्याकडे अजून आहे. त्यावर 'प्रथम श्रेणी' असं लिहिलंय आणि ते धादांत खोटं आहे. आमच्या बाई सरसकट सगळ्यांनाच प्रथम श्रेणी देत, कारण दुसरी दिली असती तर त्या मुलीची धाकटी बहीण पुढच्या वर्षी क्लासला आली नसती. खाकी कागदावरची आखणी मला सुरेख जमायची. छातीचा चौथा भाग, खांदा, मुंढा, सगळी मापं तोंडपाठ होती. कात्री कापडाला लागली की पुढे काय व्हायचं ते मात्र देवच जाणे. तरीही आमच्या घरात शिवणातली जाणकार मीच होते. वासरात लंगडी गाय शहाणी, तसं.

शुक्रवार पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. वडील लवकर गेले होते. घरात आई, सरकारी कारखान्यात कारकून असलेला दादा आणि मी. दोन खोल्यांत मिळून खिडकी एकच, आणि त्या खिडकीत बसायचा हक्क माझा. तिथे बसून मी वाचायचे, केस विंचरायचे आणि गल्लीतल्या लोकांना नावं ठेवायचे. मला वीस वर्षं पुरी व्हायची होती तेव्हा दादाचं लग्न झालं आणि वहिनी आली.

वहिनी खडकवासल्याच्या पलीकडच्या गावातली, शेतकऱ्याची मुलगी. चौथीपर्यंत शिकलेली. ती 'हाय', 'व्हतं' असं बोलायची आणि तिने तोंड उघडलं की आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. 'पानी आनते' असं ती म्हणाली, तर मी तिला तिथेच थांबवून 'पाणी आणते' असं तीनदा म्हणायला लावायचे आणि मगच जाऊ द्यायचे. ती म्हणायची आणि हसायचीसुद्धा, कारण तिला वाटायचं मी थट्टा करते आहे. ती थट्टा नव्हती. आता म्हातारी झाले आहे, तेव्हा त्या वयाला 'अल्लड' म्हणून मोकळं व्हायची सोय आहे. पण मी अल्लड नव्हते, दुष्ट होते.

तिचा हात मात्र शिवणात असा चालायचा की बघत राहावं. गावातल्या शिंप्याच्या बायकोजवळ बसून ती पायमशीन शिकली होती. माप घ्यायची नाही, कागद कापायची नाही. बाई पाठमोरी उभी राहिली की एकदा तिच्याकडे बघायची आणि थेट कापडाला कात्री लावायची. माझी सगळी गणितं करून जे पोलकं काखेत ओढायचं, ते हिचं नुसत्या नजरेने अंगात बसायचं.

एका मावसबहिणीच्या लग्नासाठी मी स्वतःचं पोलकं शिवलं. वर्गात शिकलेलं सगळं त्यात ओतलं. लग्नात चार बायकांनी ते बघितलं, बाही किती छान बसली आहे म्हणाल्या, आणि मी फुलून उभी असताना वहिनी मागून कौतुकाने म्हणाली, "वन्संनी बाही उलटी जोडली व्हती, पुढची बाजू मागं. म्या दुपारी उसवून बसवली." बायका हसल्या. आई हसली. दादा तर इतका हसला की त्याच्या हातातलं सरबत सांडलं. वहिनीच्या मनात काहीही नव्हतं. तिला वाटलं, घरच्या घरात काय लपवायचं. मी घरी येऊन ते पोलकं ट्रंकेच्या तळाशी टाकलं आणि पुन्हा कधी घातलं नाही.

मग दिवाळसण आला. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला जावयाने सासऱ्याकडून काहीतरी मागून घ्यायचं असतं. कुणी अंगठी मागतो, कुणी घड्याळ. दादाने शिलाई मशीन मागितलं. आई म्हणाली, "तू शिंपी कधी झालास?" दादा लाजून म्हणाला, की घरात दोन बायकांना शिवण येतं तर असू द्यावं एक. त्याने 'दोन' म्हटलं ते माझं मन राखायला, हे मला कळलं आणि त्याचा जास्तच राग आला.

त्या दिवसांत वहिनी चुलीपुढे बसून स्वतःशीच गुणगुणायची. एकदा पोळ्या लाटता लाटता मला म्हणाली, "वन्सं, पायमशीन आली की म्या गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवीन. खिडकीपाशी ठिवू, उजेड लागतो. मंग मला कुनी अडानी म्हननार न्हाय." तिला अडाणी म्हणणारी मीच होते. बहुधा ते तिच्या लक्षात नसावं, किंवा असूनही तिने मला सांगितलं असेल. तिला दुसरं काहीच नको होतं. आणि मला खिडकी सोडायची नव्हती.

खरेदीच्या दिवशी दादाला कामावर जायचं होतं, म्हणून वहिनीबरोबर जाणकार म्हणून मला धाडलं. वहिनीचे वडील सकाळच्या गाडीने आले होते. धुतलेलं धोतर, नवा फेटा, हातात आमच्यासाठी वांग्यांची पिशवी. मुलीच्या सासरची माणसं म्हणून माझ्यासारख्या पोरीपुढेही ते अर्धे वाकून चालत होते. रस्ता ओलांडताना मला म्हणाले, "ताई, मला यातलं काय बी कळत न्हाय. तुमी शिकलेल्या. तुमी म्हनाल ती मिशीन घिऊ."

रविवार पेठेतल्या त्या दुकानात हातमशीन आणि पायमशीन शेजारी शेजारी मांडलेली होती. शिवणाशी ज्यांचा संबंध नाही त्यांना सांगते, या दोन्हींत फरक फार मोठा आहे. पायमशीनला पाय चाकाला गती देतात आणि दोन्ही हात कापडाला मोकळे राहतात. हातमशीनचा दांडा उजव्या हाताने फिरवत राहावा लागतो आणि कापड एकट्या डाव्याने सांभाळायचं. उशीचे अभ्रे, परकराची सरळ शिवण एवढं त्यावर होतं. बाही बसवायला, गळ्याला पट्टी लावायला दोन हात लागतातच. पायमशीनवर चार बायकांचे कपडे होतात, हातमशीनवर घरापुरतं. हे मला पक्कं माहीत होतं. क्लासमध्ये शिकलेल्या गोष्टींपैकी मला नीट कळलेली ही एकच असेल.

दुकानदाराने चिंधी दिली. वहिनी चपला काढून पायमशीनवर बसली. एक पाय थोडा पुढे, एक मागे ठेवून तिने तळहाताने चाकाला हलकेच गती दिली आणि टाच-चवडा, टाच-चवडा असं मशीन धावायला लागलं. तिने चिंधीवर गोल शिवण घातली, परत फिरवली, दोरा तोडला. चेहऱ्यावर असं काही होतं की मी दुसरीकडे बघितलं. दुकानदाराने चिंधी उजेडात धरली आणि विचारलं, "बाई कुठल्या दुकानात कामाला असता?" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तुम्ही? तुम्हाला शिकायचंय वाटतं?"

त्या एका वाक्याने झालं. मी वहिनीच्या वडिलांना रिळांच्या कपाटाकडे बाजूला घेतलं. पोटुशा बाईने पायमशीन चालवू नये असं बायका म्हणायच्याच. मी त्यात माझं घातलं. आवाज खाली आणून सांगितलं, "बोलू नये, पण सांगते. क्लासमध्ये आम्हाला शिकवलंय. लग्न झालेल्या बाईने पाय मारून मशीन चालवलं तर दिवस राहत नाहीत. राहिले तरी टिकत नाहीत. वहिनीला आत्ताच कुठे वर्ष होतंय. आईला कळलं तर ती मशीन घरात येऊ द्यायची नाही."

त्यांनी वळून लेकीच्या पायांकडे बघितलं. ती अजून नुसतीच पाय चालवत होती, सुईखाली कापडही नव्हतं. म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. ही गोष्ट बाप लेकीशी बोलणार नाही, दुकानदाराला विचारणार नाही आणि डॉक्टरकडे तर जाणारच नाही, याचा हिशेब मी बोलायच्या आधीच केला होता. त्यांनी मला हात जोडले. "बरं झालं सांगितलंत, ताई. लई उपकार झाले." मग दुकानदाराला म्हणाले, "हातमिशीन दावा."

वहिनीचे पाय थांबले. "आबा?"

"घरापुरतं बास हाय," ते तिच्याकडे न बघता म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. "वन्सं, तुमी सांगा की त्यास्नी."

"घरापुरतं हातमशीनच बरं," मी म्हटलं. "पायमशीन ठेवायला आपल्याकडे जागा कुठाय?"

येताना मशीन टांग्यात वहिनीच्या मांडीवर होतं. त्याला लाकडी पेटीसारखं झाकण होतं आणि ती वाटभर त्याच्यावर हात ठेवून बसली होती. घरी आल्यावर तिने त्याला हळदकुंकू वाहिलं. ती कुरकुरली असती तर मला कदाचित बरं वाटलं असतं. पण तिने दुसऱ्या दिवसापासून हातमशीनवर पोलकी शिवायचा प्रयत्न सुरू केला. दांडा फिरवायला कुणी असलं की दोन हात मोकळे होतात, म्हणून मला बोलवायची. मी जायचे. बाहीच्या वळणावर ती 'हळू' म्हणाली की मी मुद्दाम जोरात फिरवायचे. एकदा सुई तिच्या बोटातून आरपार गेली. नखातून रक्त आलं. "माझंच चुकलं, बोट पुढं आलं," असं ती आईला म्हणाली. त्यानंतर तिने मला बोलावलं नाही.

आमच्या खालीच एक मुसलमान कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या राहत होतं. त्यातल्या बाईला सगळी गल्ली चाची म्हणायची. तिचा नवरा कॅम्पात कोट शिवायचा आणि ती घरी पायमशीनवर बायकांचे कपडे शिवायची. ईदला आमच्याकडे शिरखुर्मा यायचा, दिवाळीला आमचा फराळ तिच्याकडे जायचा. आई दुपारी आडवी झाली की वहिनी चाचीकडे जायला लागली. खिडकीतून मला मशीनचा आवाज यायचा आणि दोन महिन्यांत मला चाचीचा पाय आणि वहिनीचा पाय आवाजावरून ओळखता यायला लागला. वहिनीचा एकसारखा पडायचा. मी घरात कुणाला सांगितलं नाही. दया आली म्हणून नव्हे. अशी गोष्ट आपल्या मुठीत असली की बरं असतं, म्हणून मूग गिळून बसले.

दुसऱ्या वर्षी वहिनीला दिवस गेले. रिळांच्या कपाटापाशी मी बोललेल्या शब्दांपैकी अर्धे तिथेच खोटे ठरले, आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. आई तिच्याशी गोड बोलायला लागली. दादा रोज काहीतरी आणायचा. वहिनी दुपारी खाली जातच होती. पाचव्या महिन्यात एक दिवस आवाज मध्येच थांबला. थोड्या वेळाने चाची तिला धरून जिना चढवत घेऊन आली. दोघींचेही चेहरे पांढरे पडले होते. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई नंतर दादाला म्हणाल्या, की असं होतं कधीकधी, त्याला कारण असतंच असं नाही. मी तिथेच उभी होते. मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

वहिनी घरी आली त्या दिवशी गावाहून तिची आई आली. वहिनी भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिची आई उशाशी बसून रडत होती आणि रडता रडता म्हणाली, "म्या सांगितलं व्हतं हिला. ह्यांनी दुकानातनं आल्यावर मला सांगितलं आन् म्या हिला निरोप धाडला. पायमिशीनीला शिवू नगंस. न्हाय ऐकलं कारटीनं."

आईचे कान टवकारले. "कसलं पायमशीन? आणि कुणी सांगितलं होतं?"

"ह्या ताईंनीच की. क्लासात शिकीवत्यात म्हनं."

आईने माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात चहाचा ट्रे होता. "होय का गं?" तिने विचारलं.

वहिनीने मान वळवली. ती रडत नव्हती. ती माझ्याकडे बघत वाट पाहत होती, कारण एवढ्या लोकांत खरं काय ते ठाऊक असणारी मी एकटीच होते, शिकलेली. मी 'नाही' म्हटलं असतं तर काय झालं असतं? आईने चार शिव्या घातल्या असत्या. दादा महिनाभर बोलला नसता. त्याहून जास्त काही नाही.

"हो," मी म्हटलं. "क्लासमध्ये सांगतात तसं."

वहिनीने परत भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी आई खाली गेली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात चाचीला म्हणाली, की तुमच्या मशीनने आमचं लेकरू खाल्लं. त्या ईदला शिरखुर्मा आला नाही, नंतरही कधी नाही. आणि आमच्या घरात कुणी पाहुणी आली की आई वहिनीला पुढे बोलावून तिच्यादेखत सांगायची, "हिने आपल्या पायाने घालवलं बरं का." पाहुणी हळहळायची, वहिनी मान खाली घालून तिला चहा द्यायची. पुढे तिला परत दिवस राहिले नाहीत. त्याचंही खापर त्या दोन पायांवरच फुटत राहिलं.

तिने पुन्हा मशीनला हात लावला नाही. हातमशीनलाही नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली, हिला दे ते, इथे धूळच खातंय. वहिनीने स्वतः झाकण पुसलं, तेलपाणी केलं आणि ते माझ्या सामानात ठेवलं. ते मी कशासाठीही वापरलं नाही. सासरी त्यावर काही वर्षं रेडिओ ठेवलेला होता.

या सगळ्याला आता पन्नासहून जास्त वर्षं झाली. आईला शेवटची सहा वर्षं वहिनीने भरवलं, न्हाऊ घातलं. दादा गेला. वहिनी कर्वेनगरात एका खोलीत राहते आणि मी तिच्यापासून दोन गल्ल्यांवर. आता ती माझ्याहूनही शुद्ध बोलते. 'हाय' आणि 'व्हतं' आम्ही तिच्या तोंडातून कधीच काढून टाकलं. माझ्या नातीचा तिच्यावर फार जीव आहे, ती तिला मामीआजी म्हणते. नातीचं लग्न ठरलंय आणि तिने मोबाइलवर बघून शिवणाचं वेड घेतलंय. गेल्या महिन्यात ती आम्हा दोघींना मशीन बघायला घेऊन गेली. "दोघींमधली एक्स्पर्ट कोण?" तिने गाडीत विचारलं. वहिनी म्हणाली, "वन्सं. त्यांच्याकडे प्रमाणपत्र आहे."

दुकानदाराने विजेवरचं मशीन दाखवलं. नात खुर्चीवर बसली, पायाखालच्या पट्टीवर पाय ठेवला आणि शिवण वेडीवाकडी पळाली. वहिनी शेजारच्या स्टुलावर होती. तिने दोन बोटं पुढे करून कापड किंचित वळवलं आणि शिवण सरळ झाली. मी खाली बघितलं. चपलेतला तिचा पाय फरशीवर हलत होता, टाच-चवडा, टाच-चवडा. मग तिचं तिलाच ते दिसलं असावं. तिने पाय स्टुलाखाली घेतला आणि दुकानदाराला विचारलं, "याला पाय मारावा लागतो का?"

"नुसता दाबायचा, आजी."

"मग हे नको. हिचं लग्न आहे आता."

नात हसली. "म्हणजे?"

वहिनीने तिला सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, बाजारात भाव सांगावा तसं. पायमशीन, पाचवा महिना, सगळं. नातीचं हसू गेलं. "मामीआजी, असं काही नसतं गं. खरंच नसतं. हे तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या आजीनं." वहिनीने माझ्या हातावर हात ठेवला. "त्या घरात माझं भलं बघून आधी सावध करणाऱ्या या एकट्याच होत्या. मीच ऐकलं नाही. नंतर आईंच्या तोंडावरसुद्धा खरं तेच बोलल्या, मला वाचवायला खोटं नाही बोलल्या. मला त्याचा राग नाही."

नात माझ्याकडे बघत होती. "आजी? हे खरंय?"

आता खरं सांगितलं तर वहिनीने उभा जन्म स्वतःला दिलेला दोष फुकट गेला असं होईल, या वयात तिला ते झेपणार नाही, असं मी त्या क्षणी स्वतःला समजावलं. ते कारण चांगलं आहे आणि खोटं आहे. माझ्या हातावरचा तिचा हात तिने काढून घेतला असता, ते मला नको होतं.

"बटणावर चालणारं असेल तर दाखवा," मी दुकानदाराला म्हटलं. वहिनीने नातीकडे बघून मान हलवली, बघ, मी म्हणत नव्हते का, अशी.